‘घर’ नावाचं कॅलेंडर

— नाही, माणिकराव काका, आधी तो नारळ कळफलकावरून उचला. त्याच्या वजनाने पडद्यावर अक्षरांची रांग लागली आहे, बघा — हां, पिशवीतच राहू द्या त्याला. आणि आता मी तेच पुन्हा सांगते, रागावून नाही, नीट सांगते. गोपाळकाल्याला मी धाडला येऊ शकत नाही. तुमच्या गावावर माझा राग नाही, तुमच्या सप्ताह कमिटीवर नाही, तुमच्यावर तर नाहीच — चिखलीला, मेहकरला गाड्या बदलत इतक्या लांब आलात तुम्ही. पण त्या दिवशी सकाळी मी इथे उभी आहे. सुलतानपुरात. आमच्याच गावच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनाला. तुम्हाला वेगळं सांगायला नको — सात दिवस कोणीही कीर्तन करो, सप्ताह लोकांच्या ध्यानात राहतो तो काल्यामुळे. हंडी फुटते, दही-लाह्या वाटल्या जातात, आणि त्या कीर्तनाला ज्याला उभं करतात त्याला गावाने आपलं मानलेलं असतं. बाईला ते सहसा देत नाहीत. मला दिलं. गेल्या वर्षी, भर मांडवात, सगळ्यांसमोर हातात नारळ देऊन दिलं. मग मी त्या सकाळी धाडला कशी असेन? कशी असेन, तुम्हीच सांगा.

तारीख मिळाली म्हणता. कोणी दिली? प्रज्वलने. बरं. प्रज्वल माझा धाकटा भाऊ, माझे फोन तो घेतो, हे खरं आहे. मी वाचत बसलेली असते किंवा कीर्तनात उभी असते, तेव्हा गावोगावचे फोन त्याच्याकडेच जातात. पण तारीख तो देत नाही, काका. तारीख तो लिहितो, देते मी. यातला फरक आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण तो मीच पाठ करून घेतला आहे. इकडे या, खुर्ची ओढून घ्या, दाखवते — तुम्हाला वाटेल बाई उगाच संगणक दाखवते, पण एकदा बघितलंत की तुमची शंका राहणार नाही. हे कॅलेंडर. ही त्याच्या बाजूला कामांची यादी — पखवाजवाल्यांना निरोप, पेटी कोण घेणार, गाडी कोणाची, कोणत्या गावात माइकची बोंब आहे, सगळं. जे इथे लिहिलं ते माझ्या मोबाईलमध्ये उमटतं, प्रज्वलच्या मोबाईलमध्ये उमटतं. त्याने शेताच्या बांधावरून काही लिहिलं तर ते इथे उमटतं, पण पिवळ्या रंगात. पिवळं म्हणजे विचारणा. मी ते वाचते, कीर्तनाचा विषय ठरवते, मग हिरवं करते. हिरवं म्हणजे शब्द. आणि एकदा हिरवं झालं की ते मोडायचं नाही — ताप असो, पाऊस असो. मागे एकदा प्रज्वलच्या घाईने दोन गावांना एकाच दिवसाचा शब्द गेला होता. मी एका गावाचं कीर्तन दुपारी केलं, दुसऱ्याचं रात्री, घसा बसला तरी केलं, पण मोडलं नाही. माझ्या नावाने बाहेर पडलेला शब्द मी मोडत नाही, हे जिल्हाभर माहीत आहे. त्यावरच तर लोक मला बोलावतात — आवाज माझ्यापेक्षा गोड असणारे पुष्कळ आहेत.

हे बघा, इथे. नवमी, गोपाळकाला. सुलतानपूर, काल्याचे कीर्तन. हिरवं. कसं ठसठशीत हिरवं आहे. धाड आहे का कुठे? नाही. हा माझा मोबाईल — इथेही तेच. धाड नाही. म्हणजे तुमचीच काहीतरी गल्लत —

थांबा, थांबा. असंही असेल. यंदा ज्येष्ठ अधिक आला ना. अधिकाच्या महिन्यात जावयांना धोंडे आणि आम्हाला एकामागून एक गावं, त्या गडबडीत मीच कितीदा चुकले. सगळं पुढे सरकलं. गेल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर आलेला गोपाळकाला यंदा सप्टेंबरात गेला आहे. आणि या यंत्राला तिथी कळत नाही, त्याला इंग्रजी तारीखच कळते. दरवर्षी हीच तारीख असं एकदा त्याला सांगितलं की ते बिचारं दरवर्षी ऑगस्टमध्येच गोपाळकाला करत बसतं. म्हणून पंचांग समोर ठेवून प्रत्येक सप्ताह मी स्वतः पुन्हा लावते, वर्षातून एकदा, दोन दिवस दुसरं काही करत नाही. प्रज्वलने ऑगस्टची ती तारीख बघितली असेल, रिकामी दिसली असेल, आणि तुम्हाला देऊन टाकली असेल. झालं! तसंच असणार. तुम्हाला काय म्हणाला तो — तारीख म्हणाला की गोपाळकाला म्हणाला?

गोपाळकाला म्हणाला.

काल्याचं कीर्तन ताई करतीन, असंच म्हणाला? याच शब्दांत? हं. मग तिथीची चूक नाही. गोपाळकाला कधी असतो हे सुलतानपूरच्या शेंबड्या पोराला कळतं.

मग फोन जोडला गेला नसेल. असं होतं, काका. पूर्वी तर मी केबल लावायची — संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दोघांचे मोबाईल या वायरला लावायचे, आणि दोन्हीकडच्या नोंदी एकसारख्या करून घ्यायच्या. आई म्हणायची, «गायी बांधल्यावानी मोबाईल बांधून राह्यली रोज.» आता वायर लागत नाही, आपोआप होतं, आणि आपोआप होतं त्यावर माझा विश्वास कमी. एखाद्याचा फोन तुटून पडतो — म्हणजे फोन चालतो, पण इथल्याशी त्याचं बोलणं बंद होतं. त्यात लिहिलेलं त्यातच राहतं, आणि दोन्हीकडच्या माणसांना वाटतं आपलं बरोबर आहे. तसं झालं असेल तर त्याचा दोष नाही. बघू — कोणता फोन शेवटी कधी जोडला गेला, तेही इथे दिसतं. प्रज्वल… आज सकाळी. आज सकाळीच. आणि हे काय आलं आहे त्याच्याकडून — पुढच्या कीर्तनाची गाडी ठरली, पेटीवाले येणार नाहीत, दुसरे बघितले. कालचं आलं, परवाचं आलं. सगळं येतं आहे. त्याच्याकडचं सगळं येतं आहे, आणि फक्त धाड येत नाही.

तुम्ही चहा घ्या. निवेल. आईने साखर जास्त घातली असेल, पाहुण्यांना ती तसाच देते. तुम्ही पाहिलंत का, ती कप ठेवून लगेच आत गेली — एरवी धाडचा माणूस म्हटल्यावर तिने तुमच्या बाजारातल्या मिरचीच्या भावापासून सुरुवात केली असती. गुडघे दुखतात तिचे. असेल.

नाही, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मला पुरावा लागतो, सवय आहे. अमरावतीला विद्यापीठात होते तेव्हा आमच्या बाई म्हणायच्या नाहीत की तुझं बरोबर आहे, म्हणायच्या, कुठे आहे ते दाखव. कीर्तनपरंपरेवर प्रबंध लिहिला मी, काका, त्यातली एक ओळ अशी नाही जिच्याखाली आधार नाही. लोकांना वाटतं कीर्तनकार म्हणजे नुसता आवाज. असो. तुमच्याकडे काही आहे का — मेसेज, काही? फोटो पाठवला? त्याच्या फोनच्या पडद्याचा? द्या ना मग, आधी का नाही सांगितलंत. नाही नाही, मोठा करते मी, बोटाने असं — हां.

«नवमी. काला. धाड. ताई.»

खरंच आहे की. लिहिलं आहे. प्रज्वलचंच लिहिणं, विरामचिन्हांचं आणि त्याचं जमत नाही, पण इथे प्रत्येक शब्दामागे टिंब दिलं आहे. नीट बसून लिहिलं आहे.

पण हा रंग कोणता? ही डाव्या बाजूची पट्टी जांभळी आहे, तुम्हालाही जांभळीच दिसते ना? माझ्याकडे जांभळा रंग नाही. हिरवा शब्दाचा, पिवळा विचारणेचा, लाल मोडण्याचा — तो मी कधी वापरला नाही — आणि निळा माझ्या वाचनाचा. जांभळा मी कोणालाच दिलेला नाही. म्हणजे हे माझं कॅलेंडर नव्हे. हे दुसरं आहे. त्याच फोनमध्ये, माझ्या कॅलेंडरच्या शेजारी, दुसरं. सोपं आहे ते, काका, यात चोरीचं तंत्र वगैरे काही नाही; एका फोनमध्ये हवी तेवढी कॅलेंडरं ठेवता येतात, आणि कोणतं कोणाला दिसावं हे आपण ठरवायचं. मीच शिकवलं त्याला. शाळेच्या मुलांच्या शिकवणीचं वेगळं ठेव, शेतीचं वेगळं ठेव, म्हणजे माझ्यात मिसळणार नाही, असं मीच म्हणाले होते. यंत्र बिचारं प्रामाणिक आहे — जे जोडायला सांगितलं ते जोडतं, जे नाही सांगितलं ते नाही जोडत. आणि खाली नाव आहे त्याचं, बारीक अक्षरात. तुम्हाला चष्म्याशिवाय दिसणार नाही. मी वाचते.

‘घर’.

कॅलेंडरचं नाव ‘घर’.

आणि त्याखाली, कोणाकोणाला कळवलं आहे आणि कोण काय म्हणालं. आई — हो. आबा — हो.

हसू येतं मला, काका. नाही, खरंच येतं. तुम्हाला माहीत आहे, आमच्या आबांना — अर्जुनराव, तुम्ही ओळखता त्यांना, तुमच्या सप्ताहात टाळ वाजवायला येऊन गेले आहेत — त्यांना हा मोबाईल मी घेऊन दिला. बसून शिकवलं: हे निमंत्रण आलं की असं उघडायचं, यायचं असेल तर ‘हो’ दाबायचं. माझं कीर्तन कुठे आहे ते त्यांना घरबसल्या कळावं म्हणून. तर म्हणायचे, «मले काय समजते बाई त्यातलं, तू तोंडानं सांगत जाय.» माझ्या एकाही कीर्तनाला त्यांनी कधी ‘हो’ दाबलं नाही. मी आपली तोंडाने सांगत गेले. आणि आई — तिला एकादश्या दिसाव्यात म्हणून मी अक्षरं मोठी करून दिली होती. दोघांना येतं. दोघांना चांगलं येतं. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं.

पण का? तुम्ही नका उत्तर देऊ, मीच विचार करते. मला काल्याला धाडला पाठवायचं, याचा अर्थ काल्याला मी इथे नको. मग इथे कोण? हंडी तर फुटणार, मांडव तर पडणार. रिकामा थोडाच ठेवतील. आणि तुम्ही — माफ करा, आता मला विचारायलाच हवं — तुमच्याकडे काल्याला दरवर्षी दयाराम महाराज असतात. मला आठवतं, वर्षानुवर्षं तेच असतात. तुमच्या धाडची माणसं दुसऱ्याला उभं करत नाहीत. यंदा तुम्हाला माझी गरज का पडली? महाराज आजारी आहेत?

आजारी नाहीत.

बोला ना. कप खाली ठेवा आणि बोला. तुम्ही वयाने मोठे आहात, मी तुम्हाला आग्रह करणं बरं दिसत नाही, पण तुम्ही इथवर आलात ते माझ्या नावाने आलात, तेव्हा माझ्या नावाचं काय झालं हे कळण्याचा मला अधिकार आहे. — कुठे? — सुलतानपूरला. महाराजांनी यंदा तुम्हाला नाही म्हटलं, कारण काल्याला त्यांना सुलतानपूरला यायचं आहे. आणि तुमची अडचण व्हायला नको म्हणून इकडून तुम्हाला ताई देण्यात आली. अदलाबदल. बैलजोडीतला एक बैल शेजाऱ्याला पेरणीपुरता देतात तशी. तुम्ही मान खाली घालू नका, तुमचा काही दोष नाही. तुम्हाला वाटलं ताईंना माहीत असेल. कोणालाही तसंच वाटलं असतं. ज्याची अदलाबदल करायची त्यालाच विचारलेलं नाही, असं कोणाच्या मनात येईल?

आणि सुलतानपूरलाच का यायचं महाराजांना? इतकी वर्षं कधी आले नाहीत. आमच्या गावात बाई कीर्तन करते म्हणून त्यांनी एकदा चारचौघांत नाक मुरडलं होतं, तेही मला कळलं होतं. मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, प्रबंध वाचायला पाठवीन.

सोयरिक? कोणाची सोयरिक?

रुपाली. महाराजांची पुतणी. आणि आमचा प्रज्वल. — हो, हो, मुलगी बघितली हे मला ठाऊक आहे, मीच बघायला जाणार होते, तेव्हा आई म्हणाली की अजून नुसतं बोलणं आहे, अधिक महिना सरू दे. नुसतं बोलणं. — सुपारी फुटली? कधी? — मागच्या गुरुवारी. तुमच्या कमिटीतले दोघे हजर होते. इथेच, या घरात, याच बैठकीत. गुरुवारी. आणि गुरुवारी मी — थांबा, बघते, माझं सगळं लिहिलेलं असतं — गुरुवारी मी बीबी गावाला कीर्तनाला होते. हिरवं. तेही प्रज्वलनेच आणलं होतं. «ताई, लई मागं लागले हायेत, जाऊन ये.» मी गेले. परत आले तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता आणि आईने नवं लुगडं नेसलेलं होतं. म्हटलं, आई, काय विशेष? म्हणाली, «काही नाही वं, पेटीत पडून पडून वास लागला होता त्याले.» मी हसले. लुगड्याला खरंच चांगला रंग दिसत होता, म्हणून तेही बोलले.

म्हणजे माझ्या भावाची सुपारी फुटली हे धाडला माहीत आहे आणि मला तुमच्याकडून कळतं आहे. बरं. आणि महाराजांनी अट घातली असेल. नाही? अट नाही, मान. व्याह्यांनी मान दिला. मुलीचा काका एवढा मोठा कीर्तनकार, त्याने सोयऱ्यांच्या गावी काल्याला श्रोत्यांत बसायचं आणि घरच्या अविवाहित मुलीने समोर उभं राहायचं — वाईट दिसलं असतं. मलाही पटतं की तसं दिसलं असतं. मांडणी चोख आहे. मी त्यांच्या जागी असते तर मलाही एवढी चोख जमली नसती, कारण माझं नाव एका गावातून नुसतं काढायचं असतं तर मी विचारलं असतं, का काढलं. म्हणून नुसतं काढलं नाही. दुसऱ्या गावाला शब्द दिला. कारण सगळ्यांना माहीत आहे, ताई दिलेला शब्द मोडत नाही. मीच तो नियम केला, मीच मिरवला — आत्ता, थोड्या वेळापूर्वी तुमच्यापुढेही मिरवला — आणि त्याच नियमाचा दोर करून मला इथून तिकडे बांधलं. माझ्यात खोट असती, काका, मी चार तारखा मोडल्या असत्या, तर यांना हे जमलंच नसतं.

आबांचं मला समजत नाही. प्रज्वलचं समजतं, त्याला लग्न करायचं आहे, वय झालं आहे, पोरगी चांगली असेल, असू दे. आईचं समजतं, आई कधी ‘नाही’ म्हणालेलीच नाही कोणाला. पण गेल्या वर्षी मांडवात नारळ माझ्या हातात पडला, तेव्हा मागून दोघं-तिघं कुजबुजले, बाई काल्याले? आणि आबा उठले. सगळ्या मांडवाच्या मधोमध उठून म्हणाले, «माही पोरगी उभी राहीन. ज्याले नाही ऐकाचं, त्यानं घरी बसावं.» ते वाक्य मी वर्षभर — तुम्हाला हसू येईल — ते वाक्य मी कामांच्या यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलं आहे. काम नाही ते, त्याच्यापुढे खूण करायची नाही. नुसतं असावं म्हणून. हे बघा. नको, राहू द्या, नका बघू. माझ्या लग्नाच्या वेळी हेच म्हणाले होते: «तू कीर्तनासाठी जन्मली, तुले कोण्या घरी भाकरी थापाले काऊन पाठवू.» चिखलीचं स्थळ होतं, प्राध्यापक होता, मला नापसंत नव्हता. मी नाही म्हटलं. आबांना ते बोलायला किती बरं वाटत होतं हे बघून नाही म्हटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला कशाला सांगते आहे, कोण जाणे.

फोन वाजतो आहे. माझा नाही, तुमचा. कोण आहे? — प्रज्वल. उचला. उचला ना, का बघता माझ्याकडे? आवाज मोठा करा आणि नेहमीसारखं बोला.

…

ऐकलंत? «काका, तुमी आज नका जाऊ आमच्या घरी, उद्या मी संगं येतो, आबानं अजून ताईले सांगतलं नाही. आधी आबा सांगतीन, मंग तुमी नारळ घेऊन जा, म्हंजे तिले नाही म्हनता येत नाही.» आणि तुम्ही बरं म्हणालात. चांगलं केलंत, तुम्ही तरी काय म्हणणार. म्हणजे उद्या आबा सांगणार होते. आज तुम्हाला चिखलीहून वेळेवर गाडी मिळाली, एवढंच चुकलं त्यांचं. काऊन केलं बे प्रज्वल असं? मले इचारलं असतं तं मी — मी स्वतः दिलं असतं. खरं सांगते, काका. समोर बसून म्हणाला असता, ताई, माझ्या लग्नासाठी एवढं सोड, तर मी रडले असते, भांडले असते, आणि सोडलं असतं. हे त्याला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. पण विचारायचं म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. आणि कॅलेंडरला तोंड नसतं.

आता माझं ऐका. तुमच्याकडे मी नवमीला येणार नाही. तारीख मी दिलेली नाही, मग मोडण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या गावात विचारलं तर असंच सांगा, याच शब्दांत: ताईंनी दिलेली नव्हती. फलक छापून झाला? मग ते नाव झाका. वाईट वाटतं मला, पण झाका. रिकाम्या हाताने मी तुम्हाला पाठवत नाही — सप्ताहातली षष्ठी मोकळी आहे माझी, ती मी तुम्हाला देते, मी देते, लिहिलं बघा, हिरवं केलं. काल्यासाठी दुसरं कोणी बघा, किंवा महाराजांनाच पुन्हा विचारा. काय सांगावं, मोकळे होतील.

अजून एक नोंद करते आणि मग तुम्ही निघा. नवमी. गोपाळकाला. सुलतानपूर. काल्याचे कीर्तन — समीक्षा अर्जुनराव. होती तीच, पण यावेळी निमंत्रण म्हणून. कोणाला पाठवायचं? प्रज्वल. आई. आबा. माझ्या नावावर काट मारायची असेल तर मारू दे त्यांना, पण मला कळेल अशी मारू दे. इथे तीनच उत्तरं असतात, काका: हो, नाही, आणि माहीत नाही. पाठवलं.

आईचा वाजला, स्वयंपाकघरात. प्रज्वलचा तिकडे कुठे वाजला असेल तिथे.

आणि हा?

हा मधल्या खोलीतून आला. या भिंतीच्या पलीकडून. तुम्ही आलात तेव्हा आई म्हणाली ना, आबा शेतात गेलेत, संध्याकाळी येतील? पंखाही सुरू आहे आतला. म्हणजे आपलं सगळं बोलणं —

काही बोलू नका. हळू उठा. मेहकरची गाडी फाट्यावर मिळेल, घाईने गेलात तर मिळेल. दार ओढून घेऊ नका, असू द्या उघडं. मी इथेच बसते आहे पडद्यासमोर. अजून कोणाचं काही आलेलं नाही. जा तुम्ही.